विश्लेषण : बंद ऑफिसमधून सोमालियाला फोन कोण करते? कार्यालयीन टेलिफोन यंत्रणेतील चोरी कशी होते, कशी रोखता येते?

मार्च २०१४ मधला एक शनिवार-रविवार. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील नॉरक्रॉस येथे वास्तुरचनाकारांच्या एका छोट्या कंपनीचे ऑफिस नेहमीप्रमाणे बंद होते. कंपनीत माणसे सात. त्यांपैकी कोणीही त्या दोन दिवसांत ऑफिसकडे फिरकले नाही, पण ऑफिसचा फोन मात्र सुट्टीवर नव्हता. गाम्बिया, सोमालिया आणि मालदीवमधील क्रमांकांवर त्या लाइनवरून एकामागून एक कॉल जात राहिले. बिल आले १ लाख ६६ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे एक कोटी रुपये. नेहमीच्या वापराने एवढे बिल व्हायला या कंपनीला ३४ वर्षे लागली असती, असा हिशेब 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिलेल्या वृत्तात मांडला होता.

या चोरीत कोणाचा ओटीपी गेला नाही, कोणी लिंकवर क्लिक केले नाही, बँकेतून एक पैसा हलला नाही. म्हणूनच ती कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्याकडे सायबर फसवणूक म्हटली की मोबाइल, यूपीआय आणि 'डिजिटल अरेस्ट' एवढेच डोळ्यांसमोर येते. रिसेप्शनच्या टेबलाखाली किंवा जिन्याखालच्या कपाटात भिंतीला टांगलेला तो डबा कोणाच्या खिजगणतीत नसतो. करोनानंतर घरून काम सुरू झाले आणि हा डबा अनेक ठिकाणी इंटरनेटला जोडला गेला. त्याचे दार किती उघडे आहे, हे बहुतेक मालकांना माहीत नसते.

ही यंत्रणा म्हणजे नेमके काय?

कंपनी, रुग्णालय, हॉटेल, शाळा किंवा मोठी सोसायटी, जिथे आत बोलायला तीन आकडी नंबर आणि बाहेर बोलायला आधी शून्य किंवा नऊ दाबावे लागते, तिथे स्वतःचे छोटे टेलिफोन एक्स्चेंज असते. तांत्रिक भाषेत ते पीबीएक्स; आपल्याकडे सगळे त्याला ईपीएबीएक्स म्हणतात. बाहेरच्या मोजक्या लाइन आणि आतली अनेक एक्स्टेन्शन यांची सांगड घालणे हे त्याचे काम. मोठ्या ऑफिसांमध्ये बाहेरची जोडणी पीआरआयने असते, जिच्यावर एका वेळी ३० संभाषणे चालतात. आता तिची जागा एसआयपी ट्रंक घेत आहे.

एसआयपी हा इंटरनेटच्या भाषेत फोन लावण्याचा नियमसंच आहे. कॉल सुरू करणे, वाजवणे, तोडणे हे सगळे त्यात ठरलेले असते. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर या अमेरिकी तरुणाने 'अ‍ॅस्टरिस्क' हे मुक्त सॉफ्टवेअर लिहिले आणि लाखो रुपयांचे एक्स्चेंज साध्या संगणकावर चालू लागले. त्यावर बसवलेल्या 'फ्रीपीबीएक्स'सारख्या वेबपानांमुळे तर ब्राउझर उघडता येणारा कोणीही ते चालवू शकतो. सोय मोठी झाली, पण एक्स्चेंजचा संगणक झाला की संगणकाचे सगळे आजारही त्याच्यासोबत आले.

भारतात दूरसंचार विभागाने ५ नोव्हेंबर २०२० रोजी आणि पुन्हा जून २०२१ मध्ये कॉल सेंटर व बीपीओसाठीचे नियम बरेच सैल केले. नोंदणीची अट गेली, घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचा फोन कंपनीच्या एक्स्चेंजला जोडायला मोकळीक मिळाली. निर्णय योग्यच होता. मात्र घरच्या वायफायवर बसलेल्या माणसाला ऑफिसचे एक्स्टेन्शन द्यायचे तर ऑफिसचे एक्स्चेंज बाहेरून पोहोचता येईल असे ठेवावे लागते. अडचण सुरू होते ती इथून.

दुसऱ्याच्या फोनवरून कॉल केल्याने चोराला पैसे कसे मिळतात?

हा या विषयाचा गाभा आहे. फुकट बोलायला मिळावे म्हणून ही चोरी होते असे अनेकांना वाटते. एके काळी तसे होतेही. आज व्हॉट्सअ‍ॅपवर जगभर फुकट बोलता येत असताना त्यासाठी कोणी एवढा खटाटोप करणार नाही. आजचा चोर कॉल करतो तो स्वतःलाच.

आंतरराष्ट्रीय कॉलच्या पैशांचा प्रवास असा असतो. तुम्ही पुण्यातून परदेशी फोन लावला की तुमची कंपनी तो आंतरराष्ट्रीय वाहकाकडे देते, तो आणखी एका वाहकाकडे, आणि असे करत तो त्या देशातील कंपनीपर्यंत पोहोचतो. प्रत्येक जण पुढच्याला मिनिटामागे पैसे देतो. काही देशांतील काही क्रमांकमालिकांचा दर फार चढा असतो. अशा 'प्रीमियम' मालिकांतील क्रमांक भाड्याने देणारे दलाल इंटरनेटवर आहेत. क्रमांक घ्या, त्यावर कॉल आणा आणि येणाऱ्या प्रत्येक मिनिटामागे वाटा घ्या, असा तो सरळ व्यवहार. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या त्याच वृत्तानुसार हा वाटा मिनिटाला २४ सेंटपर्यंत जाऊ शकत होता. दूरदर्शनवरच्या स्पर्धा, ज्योतिष सल्ला यांसाठी ही व्यवस्था मुळात निर्माण झाली. चोर तीच वापरतो. फरक इतकाच की त्याचे 'ग्राहक' म्हणजे फोडलेली एक्स्चेंज.

म्हणजे क्रमांक चोराचा, कॉल तुमच्या लाइनवरून आणि पलीकडे बोलायला कोणीही नाही. एखादी ध्वनिफीत वाजते किंवा नुसती शांतता असते. अनेकदा कॉल त्या देशापर्यंत पोहोचतही नाही. मधलाच एखादा वाहक तो आपल्याकडे वळवून 'पोहोचला' म्हणून नोंद करतो. त्यामुळे बिलावर सोमालिया दिसले म्हणून चोर सोमालियात असतो असे नाही, आणि त्या देशातील कोणाचा यात हात असतो असेही नाही. मोबाइलवर अनोळखी परदेशी क्रमांकावरून एक रिंग येऊन कॉल तुटतो आणि आपण उलट फोन करावा अशी अपेक्षा असते, तो 'वांगिरी' प्रकारही याच अर्थकारणावर चालतो. तिथे एकेका माणसाला फसवावे लागते. एक्स्चेंज फोडले की ती मेहनतही वाचते.

आकडा किती वेगाने फुगतो ते पाहा. शुक्रवारी संध्याकाळी सातला ऑफिस बंद झाले, सोमवारी सकाळी सातला उघडले. मध्ये ६० तास, म्हणजे ३,६०० मिनिटे. पीआरआयवरची तीसच्या तीस संभाषणे अखंड चालली तर १ लाख ८ हजार मिनिटे. मिनिटाला ४० रुपये दर धरला तर ४३ लाख २० हजार रुपये. हा दर उदाहरणापुरता धरलेला आहे. महागड्या मालिकांचा दर याहून जास्त असतो. एसआयपी ट्रंकवर तर एका वेळच्या कॉलची संख्या करारात आखून घेतलेली नसेल, तर ३० ची मर्यादाही राहत नाही.

आणखी एक खुबी वेळेची आहे. दलाल चोराला वाटा लवकर देतो, तुमचे बिल मात्र महिनाअखेरीस येते. तुम्ही तक्रार कराल तोवर पैसे दोन-तीन देश ओलांडून गेलेले असतात. यासाठी दिवाळी, नाताळ किंवा जोडून आलेल्या सुट्ट्या निवडल्या जातात हे सांगायला नकोच.

चोर आत शिरतो कुठून?

जुन्या काळी घरच्या फोनच्या डायलला छोटे कुलूप लावत असत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्यातली पळवाटही आठवत असेल. डायल फिरवता येत नसला तरी रिसीव्हर ठेवायची खटकी मोजून टिचक्या मारून नंबर लावता यायचा. कुलूप डायलला होते, लाइनला नव्हते. कार्यालयीन एक्स्चेंजबाबत आजही हेच घडते आहे.

सर्वांत जुनी वाट 'डिसा' नावाच्या सुविधेची. बाहेरगावी असलेल्या कर्मचाऱ्याने ऑफिसच्या एका क्रमांकावर फोन करायचा, पिन टाकायचा आणि ऑफिसच्याच लाइनवरून पुढे कुठेही बोलायचे, असे तिचे स्वरूप. एसटीडीचे दर परवडत नव्हते त्या काळात ती वरदान होती. चार आकडी पिनचे दहा हजारच पर्याय असतात, आणि संगणकाला रात्रभर फोन लावून ते चाचपून पाहण्याचा कंटाळा येत नाही. आज ही सुविधा कोणाला लागत नाही, तरी जुन्या यंत्रांत ती कोणी तरी चालू करून ठेवलेली असते आणि ते करणारा तंत्रज्ञ केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो.

व्हॉइसमेलची वाट तिची सख्खी बहीण. मेलबॉक्सचा पिन बहुतेक वेळा १२३४ किंवा एक्स्टेन्शनचाच नंबर. आत शिरल्यावर काही यंत्रणा थेट बाहेरची लाइन देतात, काहींमध्ये ते एक्स्टेन्शन परदेशी क्रमांकावर फॉरवर्ड करता येते. फॉरवर्ड केलेल्या एक्स्टेन्शनवर चोर फोन करत राहतो आणि प्रत्येक वेळी तुमचे एक्स्चेंज निमूटपणे परदेशी कॉल लावून देते.

तिसरी वाट इंटरनेटची, आणि आज रहदारी तिथेच आहे. एसआयपी सहसा ५०६० या पोर्टवर ऐकत बसते. जगभरचे पत्ते चाळत हे पोर्ट कुठे उघडे आहे ते शोधणारे प्रोग्रॅम अहोरात्र चालू असतात. २००७ मध्ये सुरक्षा तपासणीसाठी तयार झालेला 'सिपव्हिशस' हा संच चोरांनीच अधिक वापरला. नवे एक्स्चेंज उघड्या इंटरनेटवर ठेवले की थोड्याच वेळात त्याच्या नोंदवहीत १००, १०१, १०२ अशा एक्स्टेन्शनने लॉग-इन करण्याचे प्रयत्न दिसू लागतात. १०१ चा पासवर्ड १०१ असेल तर खेळ तिथेच संपतो.

याहून धोकादायक वाट आहे ती वेबपानाची, कारण तिथे पासवर्ड कितीही कठीण असला तरी उपयोग होत नाही. 'चेक पॉइंट' या सुरक्षा कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. फ्रीपीबीएक्समधील २०१९ साली उघड झालेल्या एका त्रुटीचा फायदा घेऊन वर्षभरात सुमारे १,२०० संस्थांच्या फोन यंत्रणा फोडल्या गेल्याचे त्यात म्हटले होते. त्या त्रुटीमुळे लॉग-इनच ओलांडता येत होते. बळी पडलेल्यांत ब्रिटन आणि नेदरलँड्समधील संस्था सर्वाधिक होत्या आणि फोडलेल्या यंत्रणांचा वापर प्रामुख्याने कॉल विकण्यासाठी व प्रीमियम क्रमांकांसाठी झाला. त्रुटी दूर करणारे अपडेट तेव्हा उपलब्ध होते. ते बसवायचे राहिले होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये तर अपडेटआधीच हल्ला आला. फ्रीपीबीएक्सच्या आणखी एका त्रुटीला धोक्याच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा गुण मिळाले. ज्यांचे व्यवस्थापन पान उघड्या इंटरनेटवर होते, त्यांच्यावर २१ ऑगस्टच्या सुमारास किंवा त्याआधीच हल्ले सुरू झाले होते. ज्यांनी हे पान केवळ ऑफिसच्या आत किंवा ठरावीक पत्त्यांपुरते ठेवले होते, त्यांच्यापर्यंत हा हल्ला पोहोचण्याचा रस्ताच नव्हता. या संपूर्ण विषयातला सर्वांत बोलका फरक हाच आहे, असे मला वाटते.

राहता राहिला आपल्याकडचा खास मार्ग, तो म्हणजे देखभालीचा करार. ईपीएबीएक्स स्थानिक विक्रेत्याकडून घेतले जाते, त्याचे वार्षिक कंत्राट असते, आणि बिघाड झाला की प्रत्येक वेळी चाकण किंवा वाळूजपर्यंत यायला नको म्हणून तो स्वतःसाठी एक दूरस्थ प्रवेश ठेवतो. त्यात गैर काही नाही. पण सगळ्या ग्राहकांना एकच पासवर्ड ठेवला असेल, तर एक ग्राहक फुटला की सगळे फुटतात. मालकाला अशा प्रवेशाची कल्पनाही नसते.

हे करतात कोण? मुंबईचा संबंध काय?

एकटे-दुकटे हौशी हॅकर हे चित्र जुने झाले. २००६ मध्ये मायामीत एडविन पेना या तरुणाला अटक झाली. दुसऱ्यांची नेटवर्क फोडून त्यांतून कॉल वळवायचे आणि एक कोटीहून अधिक मिनिटे स्वस्तात विकायची, असा त्याचा धंदा होता. २०१० मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याचा साथीदार रॉबर्ट मूर दारे शोधून द्यायचा, आणि त्यातली कित्येक दारे कारखान्यातून येतात त्याच पासवर्डवर होती.

पुढे टोळ्या आल्या. अमेरिकी तपास यंत्रणांनुसार नूर अझीझ उद्दीन या पाकिस्तानी नागरिकाच्या टोळीने २००८ ते २०१२ या काळात पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेला गंडा घातला. न वापरली जाणारी एक्स्टेन्शन शोधायची आणि त्यांवरून आपल्याच प्रीमियम क्रमांकांवर कॉल लावायचे, हीच पद्धत. एफबीआयच्या 'मोस्ट वाँटेड' सायबर यादीतील या आरोपीला फेब्रुवारी २०१५ मध्ये कराचीत पकडण्यात आले. त्याच्यासाठी १ कोटी ९६ लाख डॉलर फिरवल्याची कबुली मुहम्मद सोहेल कासमानी याने अमेरिकी न्यायालयात दिली आणि २०१७ मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली.

मुंबईचा उल्लेख आला तो फिलिपिन्समधून. नोव्हेंबर २०११ मध्ये मनिला परिसरात स्थानिक पोलीस आणि एफबीआयने चौघांना अटक केली. 'एटी अँड टी'च्या व्यावसायिक ग्राहकांच्या फोन यंत्रणा फोडून सुमारे २० लाख डॉलरचे नुकसान केल्याचा त्यांच्यावर आरोप होता. या चौघांना पैसे पुरवणाऱ्या गटानेच २६/११ च्या मुंबई हल्ल्यालाही अर्थसाहाय्य केले होते, असे फिलिपिन्स पोलिसांनी त्या वेळी सांगितले होते. हा पोलिसांचा दावा होता हे लक्षात ठेवायला हवे. तरीही एखाद्या कंपनीचे फुगलेले फोन बिल हा निव्वळ त्या कंपनीचा खासगी तोटा नसतो, हे त्यातून कळते.

आजच्या भारतात आणखी एक धोका आहे. परदेशातून येणारे पण भारतीय क्रमांक दाखवणारे बनावट कॉल अडवणारी यंत्रणा केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. मुखवटा चालेनासा झाला की खऱ्या भारतीय लाइनची किंमत वाढते, हा साधा तर्क आहे. फोडलेल्या एक्स्चेंजमधून 'मी सीबीआयमधून बोलतोय' असा कॉल गेला, तर समोरच्याच्या स्क्रीनवर तुमच्या कारखान्याचा अस्सल क्रमांक दिसणार आणि पोलीस आधी तुमच्याच दारात येणार.

बिल कोणाच्या माथी?

इतिहास ग्राहकाच्या बाजूने नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत हे वाद गाजले. चार्टवेज आणि जिफी ल्युब या कंपन्यांच्या एक्स्चेंजमधून परक्यांनी कॉल केले होते. दूरस्थ प्रवेशाची सुविधा तुमच्या यंत्रात होती, तिच्यावर ताबा तुमचा होता, म्हणून बिलही तुमचे, अशी भूमिका १९९३ मध्ये एका प्रकरणात तिथल्या दूरसंचार नियामकाने आणि दुसऱ्यात न्यायालयाने घेतली.

दूरसंचार कंपनीचे म्हणणे समजण्यासारखे आहे. कॉल खरेच गेला, तिने पुढच्या वाहकाला पैसे द्यायचे आहेत आणि कुलूप ग्राहकाच्या घरातले होते. पण सात माणसांच्या ऑफिसमधून रात्री दोनला सोमालियाला तीसपट कॉल चालले आहेत, हे सर्वांत आधी तिच्याच संगणकाला दिसते. बँकेच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली. त्रयस्थाच्या चुकीमुळे झालेला व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवला तर ग्राहकावर बोजा येत नाही. हे परिपत्रक फोनच्या बिलाला लागू नाही. तिथे तुम्ही सही केलेला करार बोलतो. ग्राहक मंचाचे दार दूरसंचार सेवेसाठी उघडे असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले खरे, पण धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला 'व्यावसायिक उद्देशा'चा अपवाद आडवा येऊ शकतो. त्यामुळे नव्या करारावर सही करताना दिवसाच्या खर्चाची कमाल मर्यादा लिहून मागणे, हे नंतर वकील शोधण्यापेक्षा स्वस्त पडते.

मग कुलूप लावायचे कुठे?

सल्ल्यांच्या याद्यांमध्ये पासवर्ड पहिला येतो. माझ्या मते पहिला क्रमांक आयएसडीचा. कंपनीला परदेशी फोन करायचेच नसतील तर ती सुविधा लेखी अर्ज देऊन बंद करून घ्या, आणि ती एक्स्चेंजमध्ये नव्हे तर दूरसंचार कंपनीच्या बाजूने बंद झाली आहे ना ते फोन लावून तपासा. एक्स्चेंजमधले बंधन एक्स्चेंज फोडणारा काढू शकतो. पलीकडचे त्याला काढता येत नाही. डायलचे कुलूप आणि लाइनचे कुलूप यांतला फरक तो हाच.

परदेशी ग्राहक असतील तर लागतात तेवढेच देश उघडा. इथे एक फसवी जागा आहे. अमेरिकेचा देश-क्रमांक १, पण जमैका, डोमिनिकन रिपब्लिक अशा कॅरिबियन देशांचे क्रमांकही १ नेच सुरू होतात. 'अमेरिका चालू' केले की तेही चालू होतात. जमैकाचा ८७६, डोमिनिकनचा ८०९ असे विभाग-क्रमांक वेगळे बंद करावे लागतात. रात्री आठ ते सकाळी आठ आणि रविवारी बाहेरचे कॉल बंद, एका एक्स्टेन्शनवरून एका वेळी दोनच कॉल, अशी बंधने बहुतेक यंत्रणांत आधीपासून असतात. फक्त ती कोणी लावलेली नसतात.

त्यानंतर दाराचा प्रश्न. घरून काम करणाऱ्यांसाठी ५०६० पोर्ट राउटरमधून थेट एक्स्चेंजकडे वळवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय. त्याऐवजी व्हीपीएन ठेवावे: कर्मचाऱ्याचा लॅपटॉप किंवा मोबाइल आधी ऑफिसच्या खासगी जाळ्यात येईल, मग फोन जोडला जाईल. 'वायरगार्ड'सारखी मुक्त साधने यासाठी पुरेशी आहेत, आणि बाहेरून चाचपणाऱ्याला ती उत्तरच देत नाहीत. माणसे शेकड्यांत असतील तर दारावर सेशन बॉर्डर कंट्रोलर हे वेगळे रखवालदार यंत्र बसवले जाते. व्यवस्थापनाचे वेबपान मात्र कोणत्याही सबबीखाली उघड्या इंटरनेटवर नको.

दोन गैरसमज इथेच दूर करायला हवेत. पोर्ट ५०६० ऐवजी दुसरे ठेवले की आपण सुरक्षित, हा पहिला. त्याने नोंदवहीतला गोंगाट कमी होतो, शोधणारा मात्र सापडवतोच. दुसरा गैरसमज एन्क्रिप्शनचा. टीएलएस आणि एसआरटीपी लावल्याने वाटेत कोणी संभाषण ऐकू शकत नाही, ते जरूर लावावे. पण ज्याच्या हाती पासवर्ड आहे, त्याचा चोरीचा कॉलही तितक्याच सुरक्षितपणे जातो!

पासवर्डबाबत एवढेच: फोनचा पासवर्ड माणसाला लक्षात ठेवायचा नसतो, तो एकदाच यंत्रात भरायचा असतो. मग तो वीस-पंचवीस अक्षरांचा, यादृच्छिक का नसावा? चुकीचे प्रयत्न करणारा पत्ता अडवणारे 'फेलटूबॅन' उपयोगी आहे, पण शेकडो पत्त्यांवरून एकेक प्रयत्न करणाऱ्यासमोर ते तोकडे पडते. अस्तित्वात नसलेल्या एक्स्टेन्शनला आणि चुकीच्या पासवर्डला एकच उत्तर देण्याची सोय अ‍ॅस्टरिस्कमध्ये आहे. ती चालू असली की कोणते एक्स्टेन्शन खरे आहे हे चोराला कळत नाही. डिसा बंद करा. नोकरी सोडून गेलेल्यांची एक्स्टेन्शन त्याच दिवशी काढा. कासमानी प्रकरणात अशाच बेवारस एक्स्टेन्शननी घात केला होता. देखभाल करणाऱ्याला प्रवेश हवा असेल तर तो फोन करून मागेल, तुम्ही चालू कराल, काम झाले की बंद, एवढी शिस्त पुरते.

यंत्र स्वतःकडे न ठेवता क्लाउडवरची सेवा घेतली तर अपडेटची डोकेदुखी जाते, बाकीची राहते. कमकुवत पासवर्ड तिथेही तुमचाच असतो. आणि पुरवठादारही अभेद्य नसतो: मार्च २०२३ मध्ये 'थ्रीसीएक्स' या प्रसिद्ध फोन यंत्रणेच्या अधिकृत डेस्कटॉप अ‍ॅपमध्येच घातक कोड मिसळला गेला होता आणि ते अ‍ॅप कंपनीच्या स्वाक्षरीसह ग्राहकांपर्यंत पोहोचले होते. आगाऊ पैसे भरून चालणारी सेवा असेल तर शिल्लक थोडी ठेवा आणि आपोआप रिचार्ज बंद ठेवा. चोरी झालीच तर शिल्लक संपेल तिथे ती थांबते.

फोन यंत्रणा फुटल्याचे लक्षात आले तर?

लक्षणे बारीक असतात. सकाळी सगळ्या लाइन व्यग्र लागतात, ग्राहक 'तुमचा फोन लागतच नाही' म्हणतात, कोणी तरी विचित्र उच्चारात परदेशातून उलट फोन करते. रुग्णालयात हेच घडले तर बिलापेक्षा अडलेली लाइन जास्त महाग पडते.

पहिला फोन विक्रेत्याला नव्हे, दूरसंचार कंपनीला करायचा आणि बाहेर जाणारे आंतरराष्ट्रीय कॉल ताबडतोब बंद करायला सांगायचे. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्यायची, कारण त्या वेळेनंतरच्या कॉलची जबाबदारी कोणाची, हा पुढच्या वादातील मुख्य मुद्दा असतो. नंतर एक्स्चेंजची इंटरनेटची तार काढायची, यंत्र मात्र पुसून नवे करायचे नाही. घाईत सगळे फॉरमॅट करणारा तंत्रज्ञ चोराचे काम सोपे करतो: कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या एक्स्टेन्शनने, किती वाजता कॉल गेले याचा पुरावा त्या नोंदींतच असतो. 'सर्ट-इन'च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत आणि अनधिकृत प्रवेशासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. छोट्या कारखानदारांपर्यंत ही माहिती फारशी पोहोचलेली नाही.

पोलीस तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे. तिथे बँक खाते किंवा यूपीआय व्यवहाराची माहिती विचारली जाते, आणि या गुन्ह्यात तसा व्यवहारच नसतो. म्हणून जवळच्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार, सोबत कॉलच्या नोंदींची छापील प्रत आणि दूरसंचार कंपनीला पाठवलेल्या मेलची प्रत द्यावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ आणि दुसऱ्याचा पासवर्ड वापरल्याबद्दलचे कलम ६६ सी यांचा उल्लेख तक्रारीत करता येतो. बिल अजून यायचे असेल तर वादग्रस्त कॉलची रक्कम वेगळी दाखवण्याची मागणी त्याच दिवशी मेलने करावी आणि उरलेले, वाद नसलेले बिल मुदतीत भरून टाकावे. नाही तर थकबाकीपोटी लाइन तोडली गेली की मूळ तक्रार बाजूलाच राहते.